नेम धरायचाय? मग आधी जागा शोधा!

शुक्रवार संध्याकाळ. ठाण्यातल्या कुठल्याही ऑफिसात डोकावलात तर एकच प्रश्न फिरत असतो, ‘बॉस, वीकेन्डला काय?’ उत्तरंही ठरलेली. मल्टिप्लेक्स, मॉल, राम मारुती रोडवर शॉपिंग आणि शेवटी तलावपाळीला एक चक्कर. फारच उत्साह असेल तर येऊर. पण २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकनंतर मला एक हटके प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय, ‘अगं, शूटिंग कुठे शिकता येतं गं इकडे? ते टीव्हीवर दाखवतात तसं, मोकळ्यावर?’

शूटिंग म्हटलं की आधी गोरेगावची फिल्मसिटी आठवणाऱ्या आपल्या पिढीत हा बदल भलताच सुखावणारा आहे. मनू भाकरने दोन ब्राँझ आणली, स्वप्नील कुसाळेने एक, आणि नेमबाजी एकदम कूल झाली! तोपर्यंत आपल्यापैकी बहुतेकांची नेमबाजी म्हणजे कल्याणच्या दुर्गाडीवरची नवरात्रातली जत्रा, फळीवर लावलेले फुगे आणि स्टॉलवाल्याची ती एअरगन, जिचा नेम मुळातच वाकडा असायचा.

तर मंडळी, या आठवड्याचा विषय हाच. नौपाड्यात राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या, हाती फक्त शनिवार-रविवार असणाऱ्या माणसाला नेमबाजी करायची असेल तर कुठे जायचं? आणि त्यातही मोकळ्या आकाशाखाली करायची असेल तर?

गणित मीटरचं

आधी एक फंडा क्लिअर करू. नेमबाजीत सगळा खेळ अंतराचा आहे. एअर रायफल आणि एअर पिस्तूल दहा मीटरवरून मारतात. स्पोर्ट्स पिस्तूल पंचवीस मीटरवरून. आणि पॉइंट टू टू, म्हणजे .२२ बोअरची रायफल, पन्नास मीटरवरून. मनूची दोन्ही पदकं दहा मीटरची, स्वप्नीलचं पन्नास मीटरचं.

ऐकायला हा फक्त आकड्यांचा फरक वाटतो. पण रोज लोकलने जाणाऱ्या माणसाच्या भाषेत सांगायचं तर दहा मीटर म्हणजे लोकलचा अर्धा डबा. एखाद्या शाळेचा हॉल, सोसायटीचं तळघर, दोन गाळे एकत्र केलेली जागा... कुठेही बसतं. छर्रा हवेच्या दाबावर सुटतो, लोखंडी पेटीत जाऊन पडतो, शेजाऱ्यांना पत्तासुद्धा लागत नाही. म्हणूनच ठाणे, कल्याण, डोंबिवली पट्ट्यात तुम्ही शोधायला निघालात की जे सापडतं ते बहुतेक दहा मीटरचं, चार भिंतींच्या आतलं, ट्यूबलाइटच्या उजेडातलं.

पन्नास मीटर म्हणजे मात्र अडीच डबे. आणि नुसती लांबी पुरत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पन्नास मीटरच्या रेंजवर नेमबाजाच्या डोक्यावर छप्पर असतं, पण मधल्या बहुतेक पट्ट्यावर उघडं आकाश हवं. रेंजची दिशा अशी हवी, की दिवसाचा जास्तीत जास्त वेळ सूर्य नेमबाजाच्या पाठीमागे राहील. .२२ची गोळी अडवली नाही तर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. गोखले रोडवरून सुटली तर तलावपाळी ओलांडून पुढे! त्यामुळे निशाणामागे भक्कम बांध आणि बाजूंना भिंती हव्यात, आणि त्यापलीकडे कोणाची खिडकी नको.

आता सांगा, नौपाड्यात अशी जागा कुठून आणायची? इथे टू-व्हीलर लावायला जागा मिळाली तरी आपण देवाचे आभार मानतो.

मग जायचं कुठे?

घाबरू नका, रस्ते आहेत. जवळून सुरुवात करू.

पहिला टप्पा, अर्थातच, आपल्याच भागातली दहा मीटरची रेंज. याला कमी लेखू नका हं! ठाण्याचाच रुद्रांक्ष पाटील २०२२मध्ये कैरोत दहा मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला, वयाच्या अठराव्या वर्षी. या प्रकारात त्याच्याआधी हे जमलेला भारतीय एकच, अभिनव बिंद्रा, २००६ साली. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रुद्रांक्षच्या टीमने वर्ल्ड रेकॉर्डसह सुवर्ण घेतलं. म्हणजे आपल्या शहराचा नेम पक्का आहे, फक्त जागा दहा मीटरची आहे.

दुसरा टप्पा पनवेल. ठाणे स्टेशनवरून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडायची, मध्ये कुठेही बदलायची भानगड नाही. तिथे सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. सुमाताईंनी २००४मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत दहा मीटर एअर रायफलमध्ये ४००पैकी ४०० केले होते. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या अवनी लेखराच्या त्या प्रशिक्षक. पण इथेही मुख्य खेळ दहा मीटरचाच.

तिसरा टप्पा वरळी. महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज इथे आहे आणि मुंबईतल्या नेमबाजीचं हे माहेरघर. दादरला उतरायचं आणि टॅक्सी करायची. शनिवारी सकाळी लवकर निघालात तर जेवायला घरी! समुद्र जवळ, भोवती टॉवर आणि मध्ये ही जागा. मुंबईसारख्या शहरात, जिथे स्क्वेअर फुटाला भाव आहे, तिथे अशी रेंज टिकून राहणं ही साधी गोष्ट नाही.

आणि चौथा टप्पा बालेवाडी. पुण्याचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. २००८मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धा इथेच झाल्या. दहा, पंचवीस आणि पन्नास, तिन्ही रेंज एकाच आवारात. ठाण्याहून पुण्याची बस पकडायची, वाकड-बालेवाडीला हायवेवर उतरायचं आणि रिक्षा करायची. जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो, हे मात्र धरून चाला.

‘आणि त्या हवेत उडणाऱ्या बशा फोडतात ते?’ असंही एकाने विचारलं. ते ट्रॅप आणि स्कीट, शॉटगनचा खेळ. त्याला तर अख्खं माळरान लागतं. त्याचा विचार ठाण्याच्या वीकेन्डमध्ये न केलेलाच बरा.

वारा नावाचा पाहुणा

मोकळ्या रेंजचं एवढं कौतुक कशाला, असं तुम्हाला वाटेल. दहा मीटरवर नेम धरायचा, पन्नासवर नेम धरायचा, फरक काय पडतो?

पडतो. दहा मीटर एअर रायफलच्या निशाणावरचं दहाचं वर्तुळ म्हणजे अर्धा मिलिमीटरचा ठिपका. पेनाने कागदावर पूर्णविराम द्या, त्याएवढा. तिथे लढाई फक्त स्वतःशी असते. श्वास, ठोके, बोट आणि डोक्यात चालू असलेली सोमवारची मीटिंग.

पन्नास मीटरवर या सगळ्यात आणखी एक जण येऊन बसतो, वारा! तिथे दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे आपल्या शर्टाच्या बटणाएवढं. गोळी तिथवर पोचेपर्यंत वारा तिला हलकेच ढकलतो. म्हणून रेंजवर मध्ये मध्ये छोटी कापडी निशाणं लावलेली असतात. नेमबाज एक डोळा निशाणावर आणि एक त्या फडफडणाऱ्या कापडावर ठेवून बसतो. कधी वारा पडायची वाट बघायची, कधी साइट दोन क्लिक फिरवायची, कधी मुद्दाम थोडं बाजूला धरायचं, हे सगळं त्याचं त्याने ठरवायचं. एसी हॉलमध्ये हे शिकवता येत नाही. पोहणं जसं बादलीत शिकता येत नाही, तसंच.

स्वप्नील ज्या प्रकारात खेळतो त्याचं नाव ‘थ्री पोझिशन’. गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभं राहून. पात्रता फेरीत प्रत्येक स्थितीत वीस, एकूण साठ गोळ्या. पॅरिसमध्ये ५९० गुण करून तो सातवा म्हणून फायनलला गेला आणि १ ऑगस्ट २०२४ला ४५१.४ गुणांवर ब्राँझ घेऊन बाहेर आला. खाशाबा जाधवांनी १९५२मध्ये हेलसिंकीत कुस्तीचं पदक आणलं होतं. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली!

आणि हा स्वप्नील कोण? राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला आणि २०१५मध्ये मध्य रेल्वेत टीसी म्हणून लागलेला. होय, टीसी! आपण ज्यांना बघून पास चाचपतो ते. धोनीही कधी काळी रेल्वेत टीसी होता. म्हणजे नोकरी करून खेळता येतं, याचा पुरावा आपल्याच रेल्वेने दोनदा दिलाय. फरक एवढाच, की स्वप्नीलला सरावासाठी बालेवाडीचे ते उघडे पन्नास मीटर होते.

वरळी ते पॅरिस

आता यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते.

दादरच्या कीर्ती कॉलेजच्या एनसीसीतून एक मुलगी वरळीच्या रेंजवर पोचली. अंजली वेदपाठक, म्हणजे पुढची अंजली भागवत. २०००च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये ती अंतिम फेरीपर्यंत गेली, २००२मध्ये म्युनिकला ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ झाली. तिचे गुरू संजय चक्रवर्ती. सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे याही त्यांच्याच शिष्या. २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकला या तिघीही भारताच्या संघात होत्या. एका शहरातल्या, एकाच गुरूच्या तीन मुली!

चक्रवर्ती सर २०२१मध्ये गेले. पण दीपाली देशपांडे, ज्या स्वतः अथेन्समध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन खेळल्या होत्या, त्या प्रशिक्षक झाल्या. त्यांचा शिष्य कोण? स्वप्नील कुसाळे. २०२४चा द्रोणाचार्य पुरस्कार दीपालीताईंना मिळाला तेव्हा ही साखळी पूर्ण झाली. वरळीतल्या एका रेंजपासून पॅरिसच्या पोडियमपर्यंत.

रायफल विकत घेता येते. जॅकेट विकत घेता येतं. पैसे नसतील तर कर्ज काढता येतं, स्पॉन्सर शोधता येतो. पण जागा आणि त्या जागेवर रोज येऊन उभा राहणारा शिक्षक, या दोन गोष्टी बाजारात मिळत नाहीत. त्या शहराने राखून ठेवाव्या लागतात. एका रेंजवर बांधकाम झालं तर फक्त एक मैदान जात नाही, वीस वर्षांनंतरचा एखादा कुसाळे जातो.

पहिला दिवस

बरं, जोशात येऊन रेंजवर गेलात तर काय होतं? मी ठाण्यातल्या एका दहा मीटरच्या रेंजवर पहिला दिवस काढलाय, म्हणून सांगते. सिनेमातल्यासारखं काहीही होत नाही!

पहिली वीस मिनिटं छर्रा हातातच मिळत नाही. आधी नियम. नळी कायम निशाणाकडे. बोट ट्रिगरवर नाही, बाहेर. नळीतून आरपार जाणारी भडक रंगाची दोरी, म्हणजे समोरच्याला लांबून कळतं की हत्यार रिकामं आहे. सरांनी ‘स्टॉप’ म्हटलं की स्टॉप, मग जगबुडी झाली तरी. मोबाइल सायलेंटवर नाही, बॅगेत.

मग उभं राहायचं. स्पर्धेची एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते. दोन मिनिटांत खांदा बोलायला लागतो, पाचव्या मिनिटाला कंबर. दिवसभर खुर्चीत वाकून बसणाऱ्या आपल्यासारख्यांची पाठ किती बिघडलीय, याचा फुकट रिपोर्टच समजा. माझ्या शेजारी आठवीतली एक मुलगी उभी होती. ती एक छर्रा मारायची, रायफल खाली घ्यायची, डोळे मिटून श्वास घ्यायची आणि मग दुसरा. घाई नाही, ओरडा नाही. एका तासात तिने जेवढे मारले तेवढे आपण जत्रेत दहा मिनिटांत मारतो.

खरं सांगू? त्या तासात ऑफिसचा एकही मेल आठवला नाही. योगा क्लासला हजारो रुपये भरून जे मिळत नाही ते इथे मिळतं. आणि ज्यांना हा मर्दानी, धडाधड, ‘ढिशूम’ टाइप खेळ वाटतो, त्यांची हौस पहिल्याच दिवशी फिटते. इथे जिंकतो तो शांत माणूस.

निघण्यापूर्वी हे वाचाच

आता थोडं रुक्ष, पण कामाचं.

एअर रायफल किंवा पिस्तूल ४.५ मिलिमीटर बोअरचं आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीचं असेल तर २०१६च्या शस्त्र नियमांनुसार लायसन्स लागत नाही. स्पर्धेतली एअर रायफल यातच बसते. तरी घेताना ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा सोबत ठेवा, आणि पावती जपून ठेवा.

.२२ म्हणजे खरं अग्निशस्त्र. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे लायसन्स हवंच आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीत ते देतात पोलीस आयुक्त. म्हणून सुरुवातीला विकत घ्यायचा विचारच नको. रेंजवर क्लबच्या रायफलवर प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली शिकता येतं का, ते आधी विचारा.

क्लब निवडताना एक साधा प्रश्न विचारा, ‘तुम्ही महाराष्ट्र रायफल असोसिएशनशी किंवा जिल्हा संघटनेशी संलग्न आहात का?’ उत्तर गोलमोल आलं तर चहा प्या आणि निघा. स्पर्धा खेळायची वेळ आली की हेच कागद लागतात. देशाची संघटना, नॅशनल रायफल असोसिएशन, १९५१मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष आपले दादासाहेब मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नॅशनल्सच्या वाटेवरची पायरी आहे. रेंजवरची पोरं ‘मावळंकर खेळलास का?’ असं विचारतात, ते यावरून.

जाण्याआधी फोन करा. वेळा, बाहेरच्यांना प्रवेश, फी, मेंबरशिप सगळं प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. नुसतं बघायला यायचंय असं सांगितलंत तरी चालेल, फक्त न विचारता जाऊ नका.

एअरगन नेताना रिकामी आणि केसमध्ये बंद. लोकलमध्ये काढून मित्रांना दाखवायची नाही, फोटो तर अजिबात नाही. .२२च्या रेंजवर कानात प्लग हवेतच.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. ‘येऊरला जाऊन बाटल्या फोडू’ ही आयडिया डोक्यात आली असेल तर तिथेच थांबवा. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. परवानगीशिवाय शस्त्र घेऊन उद्यानात शिरायला १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. तिथे बिबळ्या राहतो आणि घर त्याचं आहे. पोलिसांच्या आणि लष्कराच्या फायरिंग रेंजही आपल्यासाठी नाहीत, ‘जरा बघून येऊ’ म्हणूनही नाही.

तर मग?

माझं ऐकाल तर प्लॅन असा करा. तीन महिने जवळच्या दहा मीटरवर आठवड्यातून दोनदा. ऑफिस सुटल्यावर एक तास. नौपाड्यातून चालत नाहीतर रिक्षाने पोचता येईल असंच ठिकाण निवडा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात ‘आज खूप ट्रॅफिक आहे’ सुरू होईल. हात स्थिर झाला, की एक शनिवार काढून वरळीला नाहीतर बालेवाडीला जा. मागे उभं राहून पन्नास मीटरची प्रॅक्टिस बघा. वाऱ्याचं ते छोटं कापड कसं हलतं आणि एखादी मुलगी ते थांबायची वाट बघत किती वेळ निश्चल पडून राहते, ते बघा.

परत येताना खिडकीतून आपल्या शहराकडे जरा वेगळ्या नजरेने बघाल. घोडबंदर रोडला नवं टाऊनशिप, कल्याण-शिळ रोडला नवं टाऊनशिप, डोंबिवलीपलीकडे आणखी एक. प्रत्येकात क्लबहाऊस, स्विमिंग पूल, जिम. पन्नास मीटर लांबीचा, अंगावर उघडं आकाश असलेला एक सरळ पट्टा कुठेतरी शिल्लक आहे का? पुढच्या वेळी नगरसेवक मतं मागायला दारात आले की रस्ता, पाणी, पार्किंग तर विचाराच. सोबत एवढंही विचारा, ‘साहेब, पन्नास मीटर देता का?’